टायरचा पिवळा दिवा आणि त्यामागचा २५ टक्क्यांचा हिशोब

डिसेंबरातली सकाळ होती. कोल्हापूरहून गगनबावड्याला निघालो होतो. फुलेवाडी मागे पडली आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि आत उद्गारचिन्ह. उतरून चारही चाकं बघितली, एकही बसलेलं दिसत नव्हतं. पुढं बालिंग्याच्या अलीकडं हवा मारायच्या दुकानात गाडी लावली. मामांनी एकेका वॉल्व्हला मीटर लावला: २३, २४, २३, २४.

"पंक्चर न्हाई कुठं. हवा कवा मारलीसा?"

आठवून बघितलं. मे महिन्यात, देवगडला जाताना.

दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं माझ्या गाडीला ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) लागतं. चांगला टायरसुद्धा महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपसूक सोडतो. मे ते डिसेंबर म्हणजे सहा-सात पीएसआय तिथंच गेले. त्यात भरताना दुपारचं ऊन होतं आणि आता पहाटेची थंडी. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की दाब सुमारे एक पीएसआयनं उतरतो. दोन्ही मिळून २३ होणारच होतं. म्हणजे दिवा खोटं बोलला नव्हता. प्रश्न वेगळाच होता. ३० झाले, २८ झाले, २६ झाले, तेव्हा हा दिवा गप्प का होता? त्याचं उत्तर मशीनमध्ये सापडत नाही, इतिहासात सापडतं.

हवेचा टायर मोटारीपेक्षा जुना आहे. रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण ते मागं पडलं. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन बॉइड डनलॉप यांनी तो नव्यानं घडवला आणि सायकलीमुळं तो जगभर गेला. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलिन बंधूंनी हवेच्या टायरची मोटार उतरवली. ऑगस्ट श्रेडर यांचा वॉल्व्ह १८९३ चा. आजही मामा वॉल्व्हची टोपी काढून ज्या पितळी पिनेवर मीटर दाबतात आणि क्षणभर 'फुस्स' आवाज येतो, तो वॉल्व्ह त्याच जातीचा. हातातला दाबमापकही त्याच कंपनीनं १९०९ मध्ये पेटंट केला. त्याआधी बहुतेकदा चाकाला लाथ मारून नाहीतर अंगठ्यानं दाबून अंदाज घ्यायचा. दसऱ्याला कोल्हापूरच्या राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार मिरवणुकीत येते तेव्हा माझं लक्ष आधी तिच्या चाकांकडं जातं. त्या काळात हवा तपासणं हे ड्रायव्हरच्या रोजच्या कामातलं काम होतं, तेल-पाण्याइतकं.

आपल्या तोंडातला 'स्टेपनी' हा शब्दही याच इतिहासातला. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसायचंच, पंक्चर झालं की रस्त्यातच ट्यूब काढून बसायचं. वेल्समधल्या लॅनेथ्ली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. त्यांनी १९०४ मध्ये हवा भरलेल्या टायरसकट एक आरे नसलेली रिम काढली, जी पंक्चर झालेल्या चाकाला बाहेरून अडकवायची. गल्लीचं नाव चाकाला पडलं. तिकडं तो शब्द मागं पडला. आपल्याकडं तो कागलच्या टोलपासून आंबा घाटापर्यंत कुणालाही कळतो.

गाडीनंच ड्रायव्हरला हवेबद्दल सांगावं, ही सोय प्रवासी मोटारीत आली ती १९८६ च्या पोर्शे ९५९ मध्ये. ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणारी गाडी. त्या वेगात टायर थोडा जरी कमी असला तरी जीवाशी खेळ. म्हणून चाकातच दाबाची नजर ठेवली. पुढं २००० च्या आसपास प्यूजो ६०७ आणि रेनो लगूना यांसारख्या युरोपीय गाड्यांत ही यंत्रणा मूळ सामानातच येऊ लागली. तोवर ती चैनीची गोष्ट होती. ती कायद्याची गोष्ट झाली ती अमेरिकेतल्या अपघातांमुळं.

हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. फोर्ड एक्स्प्लोरर ही उंच गाडी आणि तिला फायरस्टोनचे टायर. उन्हात, वेगात, सामान भरलेलं असताना टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा आतल्या थरापासून सुटायचा आणि गाडी उलटायची. शेकडो माणसं दगावली. ९ ऑगस्ट २००० ला फायरस्टोननं सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. मग दोन्ही कंपन्यांत दोषावरून जुंपली. त्या भांडणात एक आकडा मध्यभागी आला: फोर्डनं गाडीवर २६ पीएसआय लिहिलं होतं, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवं. टायरच्या बनावटीतही दोष होता, हे चौकशीत निघालंच. पण कमी हवेचं गणित सगळ्यांना पहिल्यांदाच नीट कळलं. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजू जास्त वाकते. वाकणं म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे उष्णता, आणि उष्णता रबर आणि तारांची पकड सोडवते. बाहेरून बघितलं तर टायर ठीकच दिसतो.

१ नोव्हेंबर २००० ला अध्यक्ष क्लिंटन यांची टायर-सुरक्षेच्या 'ट्रेड' (TREAD) कायद्यावर सही झाली. हवा कमी झाली की ड्रायव्हरला सांगणारी यंत्रणा गाडीत असलीच पाहिजे, असं त्यात होतं. पण कमी म्हणजे किती, यावर पुढं पाच वर्षं गेली. २००२ च्या नियमात सरकारनं कंपन्यांना पर्याय दिला. एक तर चारही टायरवर लक्ष ठेवून २५ टक्के घटीला इशारा द्या, नाहीतर एकाच टायरच्या ३० टक्के घटीवर भागवा. दुसरा पर्याय स्वस्त होता, कारण तो एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरच चालायचा. पब्लिक सिटिझन ही ग्राहकांची संस्था कोर्टात गेली आणि २००३ मध्ये कोर्टानं तो स्वस्त पर्याय रद्द केला. शेवटी २००५ मध्ये नियम ठरला: एक असो वा चार, कुठल्याही टायरची हवा शिफारशीपेक्षा २५ टक्के खाली गेली की वीस मिनिटांत दिवा लागलाच पाहिजे. सप्टेंबर २००७ पासून तिथल्या सगळ्या नव्या हलक्या वाहनांना तो लागू झाला. युरोपनं नंतर २० टक्क्यांची अट घातली आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या प्रवासी मोटारीत यंत्रणा सक्तीची केली.

तर २५ टक्के हा तडजोडीतून निघालेला आकडा आहे. ३३ चे २५ टक्के म्हणजे आठ. म्हणजे २५ च्या आत आलं की दिवा. त्याआधीचे सात-आठ पीएसआय टायर बिनबोभाट झिजत राहतो, अॅव्हरेज पडतं, आणि भरलेल्या गाडीनं करूळ घाट उतरताना चाक तापत राहतं. दिव्याची हद्द ही धोक्याची हद्द आहे. ती योग्य हवेची खूण समजणं चूक आहे, आणि ही चूक मला आजूबाजूला सर्रास दिसते.

त्या कोर्टातल्या वादातले दोन्ही प्रकार आज आपल्या गाड्यांत आहेत, आणि आपला कुठला हे माहीत असलंच पाहिजे. थेट प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, वॉल्व्हच्या बुडाशी, एक छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओ लहरींनी गाडीला कळवतो, आणि पडद्यावर चारही आकडे दिसू शकतात. त्यातली बॅटरी बंदिस्त असते, साधारण पाच ते दहा वर्षांत संपते, मग अख्खा सेन्सर बदलायचा. दुसऱ्या, अप्रत्यक्ष प्रकारात चाकात काहीच नसतं. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून तेच अंतर कापायला जास्त फेरे घेतं. एबीएस ते फेरे मोजून फरक पकडतं. साध्या अप्रत्यक्ष यंत्रणेची मर्यादा यातच आहे: चारही चाकं सारखी उतरली तर फरकच पडत नाही. त्या सकाळी माझ्या गाडीत सेन्सर नसते, तर दिवा लागलाच नसता. नव्या पिढीच्या यंत्रणा चाकाच्या कंपनावरूनही अंदाज घेतात, तरी हवा भरल्यावर त्यांना रीसेट करावं लागतं. रीसेट म्हणजे 'आत्ता आहे तेच बरोबर' असं गाडीला शिकवणं. कमी हवेत रीसेटचं बटण दाबलं तर गाडी चुकीचंच शिकते. म्हणून आधी मीटरनं मोजायचं, मगच रीसेट.

आणखी दोन-तीन गोष्टी दुकानदारांशी बोलून पक्क्या झाल्या आहेत. दिवा स्थिर असेल तर हवा कमी. चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड. टायर बदलताना चाकात सेन्सर आहे हे आधी सांगावं, नाहीतर टायर रिमपासून सोडवताना मशीनचा दाब वॉल्व्हपाशी पडला की तो तुटतो. पंक्चरचं लिक्विड घातलं असेल तर तेही सांगावं, त्यानं सेन्सरचं छिद्र बुजू शकतं. आणि हवा थंड चाकात, निघायच्या आधी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटरच्या आत मोजावी. हायवेवर तासभर पळून आल्यावर आकडा तीन-चारनं चढलेला असतो. तो बघून हवा काढली तर सकाळी टायर कमी भरतो.

आपल्याकडं ही यंत्रणा आधी महागड्या गाड्यांतच दिसायची. जुलै २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं मोटार वाहन नियमांत बदल केला: साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दुरुस्तीचा किट आणि टीपीएमएस (हीच टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा) असेल तर स्टेपनी देणं बंधनकारक नाही. तो १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झाला. मला हा बदल पूर्णपणे पटत नाही. किटमधलं औषध खिळ्याचं भोक बुजवतं, खड्ड्याच्या कडेनं फाटलेली बाजू नाही. राधानगरीच्या जंगलात रात्री बाजू फाटली तर दिवा फक्त सांगेल, चाक देणार नाही. गाडी घेताना मी स्टेपनी आहे की नाही हे विचारतोच.

मामांनी चारही चाकं ३३ ला आणली. गाडी थोडी पुढं नेली तसा दिवा विझला. मी पैसे काढले तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"स्टेपनी बघायची न्हाई व्हय?"

डिकी उघडली, सामान बाजूला केलं, फळी उचलली. स्टेपनीत सेन्सर नव्हता. मामांनी मीटर लावला. काटा १४ वर थांबला.