चूक वजाबाकीची की 'शिल्लक'ची?

सोलापूरच्या पूर्व भागातली एक शाळा. संगणकाच्या तासाला सहावीतली एक मुलगी पडद्याकडे बघत थांबली होती. 503 चादरींपैकी 278 विकल्या, तर शिल्लक किती? तिने चारपैकी भलताच पर्याय दाबला आणि सॉफ्टवेअरने तिला थेट तिसरीच्या बेरजांवर नेऊन बसवलं. मी शेजारी जाऊन विचारलं, तेव्हा कळलं की तिला 'शिल्लक' हा शब्दच माहीत नव्हता. तिच्या घरी तेलुगू बोलतात. वहीत उभी मांडणी करून दिल्यावर तिने हातच्याची वजाबाकी बिनचूक केली : 225.

मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न निवडणाऱ्या या सॉफ्टवेअरच्या आत काय चालतं? अल्बर्ट कॉर्बेट आणि जॉन अँडरसन या संशोधकांनी 1990च्या दशकात मांडलेली पद्धत अनेक ठिकाणी वापरतात. मुलाला एखादी गोष्ट येत असण्याची शक्यता प्रत्येक उत्तरानंतर नव्याने मोजायची, असा तिचा गाभा. समजा, हातच्याची वजाबाकी येत असण्याची शक्यता आधी 40 टक्के धरली. न येणारं मूलही चार पर्यायांत अंदाजाने 25 टक्के वेळा बरोबर येतं आणि येणारं मूलही 10 टक्के वेळा चुकतं. या हिशेबाने उत्तर बरोबर आलं तर शक्यता 71 टक्क्यांवर चढते. चुकलं तर 8 वर कोसळते. एका अनोळखी शब्दापायी चाळिसाचे आठ! यंत्राला चूक दिसते, चुकीचं कारण दिसत नाही.

मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात हे फार महत्त्वाचं आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळालं. पुस्तकांतल्या क्यूआर कोडबद्दल आपण सगळ्यांनी वाचलं. पण त्यांनी आधी पुस्तकं मुलांच्या मातृभाषेत नेली होती, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मग असं सॉफ्टवेअर उपयोगी आहे की नाही, हे ठरवायचं कसं? त्याच्याच अहवालातल्या हिरव्या पट्ट्यांवरून तर नक्कीच नाही. ज्याने शिकवलं त्यानेच पेपर काढला आणि त्यानेच तपासला, असं ते होतं. शिवाय वर्षभरात मुलं एरवीही थोडं शिकतातच. म्हणून तुलना हवी. 'अ' आणि 'ब' तुकडीची तुलना चालणार नाही, कारण अनेक शाळांत तुकड्या मार्कांवरून पाडतात. संगणक तसेही सगळ्यांना पुरत नाहीत, तर चिठ्ठ्या टाकाव्यात : निम्मी मुलं आधी, निम्मी पुढच्या सत्रात. दोन्ही गटांना पहिल्या सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी तोच कागदी पेपर द्यावा.

दिल्लीत 2015 साली 'माइंडस्पार्क' या अशाच एका सॉफ्टवेअरची अशी चाचणी झाली. 619 मुलं, चिठ्ठ्यांनी निवड, सुमारे साडेचार महिने. गणितात 0.37 आणि हिंदीत 0.23 प्रमाण विचलनाची वाढ दिसली. सोप्या शब्दांत, गणितात वर्गाच्या बरोबर मधोमध असलेलं मूल शंभरात साधारण 14 जणांच्या पुढे गेलं. इतक्या थोड्या काळात ही मजल मोठी आहे. पण तिथे वर्ग शाळा सुटल्यावर भरत आणि लहान गटांना माणूसही शिकवत असे. गुजरातेत 'ज्ञानशाळा' या संस्थेच्या वर्गांवर संशोधक ली लिंडन यांनी केलेला अभ्यास याच्या शेजारी ठेवावा. शिकवण्याच्या वेळेतून कापून संगणक दिला तिथे मुलं मागे पडली. शाळेनंतर जादा दिला तिथे पुढे गेली. त्यामुळे खरेदीआधी मुख्याध्यापकांनी एक गोष्ट जरूर विचारावी : हा तास कुणाचा कापणार?

आणि त्या कागदी पेपरात प्रत्येक शाब्दिक उदाहरणासोबत नुसती वजाबाकीही द्यावी. 503 वजा 278चं उत्तर कुणी 375 लिहिलं, तर त्याने प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा केलाय. त्याला हातचा शिकवायला हवा. ज्या मुलीने 225 लिहिलं आणि चादरींचं गणित कोरं सोडलं, तिला तिसरीच्या बेरजांची गरज नाही. तिला तेच उदाहरण एकदा तेलुगूत वाचून दाखवा.