गिब्सनचा १.१२ हा सर्वकालीन नीचांक नाही

१९६८ च्या बेसबॉल हंगामात सेंट लुईस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सनने १.१२ ईआरए नोंदवला. ‘आजवरचा सर्वांत कमी ईआरए’ म्हणून हा आकडा वर्षानुवर्षे फिरतो आहे. ते चूक आहे.

ईआरए म्हणजे पिचरने (फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याने) दर नऊ इनिंगमागे दिलेल्या अर्जित धावा; आकडा जितका कमी तितका चांगला. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा त्यात धरत नाहीत. गिब्सनने ४९ धावा दिल्या, त्यांतल्या ३८ अर्जित. इनिंग ३०४.२. इथे हमखास गडबड होते. क्रिकेटमध्ये ३०४.२ षटके म्हणजे ३०४ षटके आणि २ चेंडू, तसेच हे ‘.२’ म्हणजे दोन बाद; तीन बादांची एक इनिंग, अर्थात दोन तृतीयांश इनिंग. म्हणून ३८ × ९ ÷ ३०४.६७ = १.१२.

१९१४ मध्ये बोस्टनच्या डच लेनर्डने २२४.२ इनिंगमध्ये फक्त २४ अर्जित धावा दिल्या: ०.९६. त्याआधी, १८८० मध्ये टिम कीफचा ०.८६. ‘निदान १९२० नंतरचा तरी नीचांक’ हा दावाही आता टिकत नाही. २०२४ मध्ये निग्रो लीगचे (वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या स्पर्धांचे) आकडे अधिकृत नोंदींत आले आणि सॅचेल पेजचा १९४४ चा १.०१ यादीत गिब्सनच्या पुढे गेला. त्या खेळाडूंना हे स्थान फार उशिरा मिळाले.

पिचर ज्यावरून चेंडू फेकतो तो उंचवटा १९६९ मध्ये १५ वरून १० इंचांवर आला तो एकट्या गिब्सनमुळे, हेही अर्धसत्यच. १९६८ मध्ये लुइस टियांट (१.६०), सॅम मॅकडॉवेल (१.८१) यांच्यासह सात पिचर २.०० च्या खाली होते. दोन प्रमुख लीगांपैकी अमेरिकन लीगचा अव्वल फलंदाज कार्ल यास्त्रेम्स्कीची सरासरी (संधींपैकी यशस्वी फटक्यांचे प्रमाण) होती जेमतेम .३०१. शिवाय १९६९ मध्ये स्ट्राइक झोनही (ज्यातून गेलेला चेंडू फलंदाजाविरुद्ध मोजतात तो पट्टा) लहान केला गेला.