सातारा ०२१६२, सांगली ०२३३: एसटीडी कोड आले कुठून?

सांगलीच्या लँडलाइनवरून मिरजेला फोन लावायचा तर नुसता नंबर पुरतो. साताऱ्याहून कराडला मात्र आधी ०२१६४ लावावा लागतो. दूरसंचार खात्याने देशाची विभागणी साधारण तालुकावार केली आणि प्रत्येक भागाला कोड दिला. सांगली शहर मिरज तालुक्यातच येतं, म्हणून दोघांना मिळून ०२३३. सातारा आणि कराड तालुके वेगळे, तसे कोडही वेगळे.

या आकड्यांचं मूळ जुन्या यंत्रात आहे. १८९१ मध्ये अमेरिकेतल्या आल्मन स्ट्रोजर यांना स्वयंचलित एक्स्चेंजचं, म्हणजे ऑपरेटरशिवाय फोन जोडून देणाऱ्या यंत्राचं, पेटंट मिळालं. फोनच्या तबकडीवर ३ फिरवला की तारेतून तीन ठोके जात आणि एक्स्चेंजमधला धातूचा दांडा तीन पायऱ्या वर चढे. मग तो त्या ओळीत आडवा सरकत मोकळी तार शोधी आणि ती सापडली की पुढचा आकडा पुढच्या दांड्याकडे जाई. म्हणजे आकडा फिरतोय तोवर कॉल वाटेला लागलेलाच असे. शून्याचे ठोके दहा, त्यामुळे दांडा सगळ्यात वरच्या ओळीत. आपल्याकडे ही ओळ बाहेरगावासाठी राखली गेली. या यंत्राची ही बाजू मला फार मोलाची वाटते: रस्ता ग्राहकाच्या बोटानेच आखला जाई.

भारतात एसटीडी, म्हणजे ऑपरेटरशिवाय थेट बाहेरगावी फोन लावायची सोय, सुरू झाली १९६० मध्ये, लखनौ-कानपूर मार्गावर. बाकी गावं त्यानंतरही बरीच वर्षं ऑपरेटरकडे ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा कॉल, बुक करून ताटकळत होती. घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर 'लाइटनिंग', आणि दर त्याच हिशेबाने चढे. पुढे १९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. तिची १२८ लाइनची छोटी एक्स्चेंजं वातानुकूलनाशिवाय चालत, म्हणून ती खेड्यांत पोचली. खेड्यापाड्यांत फोन खऱ्या अर्थाने या यंत्राने नेला, असं माझं ठाम मत आहे.

कोडची रचनाही बघण्यासारखी आहे. पुणे ०२०, कोल्हापूर ०२३१, सोलापूर ०२१७. विदर्भात मात्र ०७, नागपूर ०७१२. सुरुवातीचा शून्य सोडला तर कोड आणि नंबर मिळून दहा आकडे भरतात. सांगलीचा कोड लहान म्हणून तिथे सात आकडी नंबर, साताऱ्यात सहा आकडी. मधल्या काळात राज्यातल्या जवळच्या कॉलसाठी शून्याऐवजी ९५ लावायची सोय होती. साताऱ्याहून पुण्याला ९५२०.

आधी कोड, मग नंबर हे तत्त्व कारखान्यांच्या इंटरकॉमलाही लागू पडतं. साखर कारखाना आणि त्याचं शहरातलं ऑफिस यांचे दोन बोर्ड (आतले फोन जोडणारी छोटी एक्स्चेंजं) टाय लाइनने, म्हणजे दोघांमधल्या खास तारेने जोडले, की ठरलेला आकडा दाबायचा, पलीकडच्या बोर्डाचा डायल टोन ऐकायचा आणि मग एक्स्टेन्शन लावायचं.

मोबाइलला असं गावचं एक्स्चेंज नाही. म्हणून साताऱ्यात उभं राहून तिथल्याच लँडलाइनला लावतानाही ०२१६२ लागतो. उलट दिशेने, लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं १५ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं झालं. त्यामुळे मोबाइलसाठी सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक मोकळे झाले.