ढिगाऱ्यातल्या लाकडाचं व्हायोलिन

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर जपानच्या किनाऱ्यावर साधारण २ कोटी टन ढिगारा पडला होता. सरकारी कागदांवर तो कचराच होता, उचलायचा, वेगळा करायचा, जाळायचा. पण त्यात कुणाच्या घराचा वासा होता, कुणाच्या खोलीची लाकडी जमीन, कुणाचं कपाट.

मुनेयुकी नाकाझावा हे टोकियोतले व्हायोलिन बनवणारे कारागीर. टीव्हीवर ते ढिगारे बघताना त्यांच्या बायकोनेच विचारलं म्हणे, की याचं व्हायोलिन होईल का. मग ते रिकुझेनताकाता गावी गेले. या गावात १,७०० हून जास्त माणसं गेली किंवा सापडलीच नाहीत, आणि किनाऱ्यावरच्या सुमारे ७०,००० पाइन झाडांपैकी एकच उभं राहिलं. पाइन आणि मेपलची लाकडं त्यांनी तिथून निवडून आणली. व्हायोलिनच्या आत एक छोटी उभी काडी असते, वरच्या फळीचा आवाज मागच्या फळीपर्यंत नेणारी, ती बाहेरून नीट दिसतही नाही पण ती नसली तर आवाज मेलाच समजा. जपानीत तिला कोन्चू म्हणतात, म्हणजे जिवाचा खांब, आणि ही काडी त्यांनी त्या एकट्या उरलेल्या पाइनच्या लाकडाची केली. मला तर सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं.

हे एकदम सुचलेलं नाहीये, याच्या मागे बरंच जुनं काहीतरी आहे. वापरलेल्या वस्तूत जीव असतो असं जपानमध्ये फार पूर्वीपासून मानतात. मोडलेल्या सुया तिथे फेकत नाहीत, हारी कुयो नावाच्या दिवशी देवळात नेऊन मऊ टोफूत खोचतात, आयुष्यभर कडक कापडात घुसल्या म्हणून शेवटी मऊ जागा. आपण खंडेनवमीला अवजारं पुजतो, त्यामुळे हे आपल्याला पटकन कळतं.

किनाऱ्यावर आठवण ठेवायची त्यांची आधीची पद्धत मात्र दगडाची होती. आनेयोशी गावात १९३३ च्या त्सुनामीनंतरचा शिलालेख आहे, याच्या खाली घरं बांधू नका असं सांगणारा, आणि २०११ मध्ये पाणी खरंच त्या दगडाच्या खालीच थांबलं. पण दगड सगळ्या गावाशी बोलतो, एकट्या माणसाच्या दुःखाला तो पुरत नाही. ओत्सुची गावच्या इतारू सासाकींनी २०१० मध्ये नात्यातला भाऊ (कझिन) गेल्यावर बागेत एक जुनं टेलिफोन बूथ आणून ठेवलं, आत काळा डायलचा फोन, वायर कुठेच जोडलेली नाही, त्यावर ते भावाशी बोलायचे. त्सुनामीनंतर त्यांनी ते सगळ्यांना खुलं केलं आणि लांबलांबून लोक यायला लागले, रिसीव्हर उचलून गेलेल्या माणसाशी बोलायला.

नाकाझावांचं व्हायोलिन ११ मार्च २०१२ ला रिकुझेनताकाता इथे पहिल्यांदा वाजलं, इस्रायली व्हायोलिनवादक इव्री गिटलिस यांनी वाजवलं. त्यानंतर ते हजार वादकांच्या हातून जावं असं ठरलं आणि ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरायला लागलं.