टोचतं ते नेमकं काय?

गेल्या मे महिन्यात आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश आला. लिननची ‘फ्रिक्वेन्सी’ ५००० हर्ट्झ, लोकरीचीही तेवढीच, निरोगी माणसाची १००, आणि पॉलिएस्टरची १५, म्हणजे मृतदेहाइतकी. म्हणून फक्त नैसर्गिक धाग्याचे कपडे घाला, त्वचेचे सगळे विकार जातील. माझ्या बहिणीने तो मनावर घेतला. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला तान्हेपणापासून इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत त्वचा लाल आणि कोरडी पडते, रात्री झोपेत खाजवून रक्त निघतं. अशा पोरीच्या आईला कुणी काहीही सांगितलं तरी एकदा करून बघावंसं वाटतं. तिने लिननचा कोरा फ्रॉक शिवून घेतला. पोरीने तो तासाभरात काढला आणि मला म्हणाली, ‘मावशी, टोचतं गं.’

हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या. आपल्या घरातल्या विजेची ५० असते. कपाटात घडी घालून ठेवलेलं कापड सेकंदाला ५००० वेळा थरथरत असतं, तर त्याचा शिट्टीसारखा आवाज आपल्याला ऐकू आला असता. या आकड्यांना कसलाही आधार नाही, आणि आजारी मुलांच्या आयांपर्यंत ते पोचतात याचा मला राग येतो. पण भाचीने वापरलेला शब्द शंभर टक्के खरा होता. टोचतं.

आजोळी आम्ही घोंगडीवर झोपायचो. धनगरांनी विणलेली, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, काळी. तळव्याला ती नुसती खरखरीत लागायची, पण मानेला आणि हाताच्या आतल्या बाजूला मात्र टोचायची. ‘मला लोकरीची ॲलर्जी आहे’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या बहुतेकांना ॲलर्जी नसते. ॲलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा एखाद्या पदार्थाला ओळखून ठेवते आणि तो पुन्हा दिसला की उसळते. घोंगडीचं टोचणं त्यातलं नाही. ते शुद्ध यंत्रशास्त्र आहे, आणि मला तर ते फार सुंदर वाटतं.

ऑस्ट्रेलियातल्या लोकर-संशोधकांनी १९८८ मध्ये या टोचण्याचा छडा लावला. सुतातले सगळेच तंतू आत गुंडाळलेले नसतात. काहींची टोकं कापडाच्या पृष्ठभागावर एक-दोन मिलिमीटर उभी राहिलेली असतात. कापड अंगाला लागलं की हे टोक त्वचेवर दाबलं जातं. तंतू बारीक असेल तर टोक लगेच वाकतं आणि आडवं होतं. जाड असेल तर वाकत नाही, खांबासारखं उभं राहून त्वचेत रुततं. वाकण्याआधी ते साधारण ७५ मिलिग्रॅम वजनाइतका जोर पेलू शकलं, तर त्वचेतले वेदना ओळखणारे चेतातंतू जागे होतात. ७५ मिलिग्रॅम म्हणजे तांदळाचे तीन-चार दाणे. आपण ज्याला खाज म्हणतो ती इथे खरं तर अगदी सौम्य वेदना असते. एका टोकाने ती जाणवत नाही, शेजारी-शेजारी अशी अनेक टोकं लागतात.

आता खांब कधी वाकतो, हे अठराव्या शतकात गणिती ऑयलरने सांगून ठेवलं आहे. उभ्या खांबावर भार वाढवत नेला, तर एका ठरावीक भाराला तो अचानक बाजूला झुकून वाकतो. हा भार चार गोष्टींवर ठरतो: पदार्थाचा ताठपणा, खांबाची लांबी, त्याची टोकं कशी धरलेली आहेत आणि त्याची जाडी. लांबी दुप्पट झाली तर भार चौथाई होतो. जाडीचा परिणाम मात्र याहून फार तीव्र आहे, कारण गोल खांबाचा वाकण्याला विरोध व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. चौथा का? व्यास वाढला की छेदाचं क्षेत्रफळ वर्गाच्या प्रमाणात वाढतं, हे दोन घात. शिवाय वाढलेलं द्रव्य मधल्या अक्षापासून लांब जाऊन बसतं. वाकताना जे द्रव्य अक्षापासून जितकं लांब, तितकं ते जास्त ताणलं किंवा दाबलं जातं आणि त्याला तरफही तितकीच लांब मिळते. म्हणून अंतराचाही वर्ग घ्यावा लागतो, हे आणखी दोन घात. आकडे घालून बघा. २० मायक्रॉनचा तंतू आणि ३० मायक्रॉनचा तंतू, लांबी तीच. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) जाडी दीडपट, पण दीडचा चौथा घात पाच. म्हणजे दुसरा तंतू पाचपट जोर पेलतो. ४० मायक्रॉनचा असेल तर सोळापट! बोटांना हा फरक कळतही नाही, पण मानेच्या कातडीला लगेच कळतो.

यातून लोकर-उद्योगात एक ठोकताळा निघाला. कापडातले शंभरात पाचाहून जास्त तंतू ३० मायक्रॉनपेक्षा जाड असतील, तर बहुतेकांना ते टोचतं. म्हणजे सरासरी जाडीपेक्षा या थोड्याशा जाड तंतूंवर सगळं ठरतं. घोंगडीच्या लोकरीत असे जाड तंतू भरपूर असतात, कारण ती पाऊस आणि थंडी अडवायला विणलेली, अंगरख्यासाठी नव्हे. उलट मेरिनो जातीच्या मेंढीची अतिबारीक लोकर १८-१९ मायक्रॉनच्या आत असते. मेलबर्नमध्ये इसब असलेल्या लहान मुलांना अशा लोकरीचे कपडे घालून पाहिले, तेव्हा त्यांची त्वचा बिघडण्याऐवजी सुधारली. तो अभ्यास २०१७ चा, आणि मुलं थोडी होती. पण ‘इसबाला लोकर वर्ज्य’ हा सरसकट नियम तेव्हापासून डळमळला आहे.

फ्रॉक का टोचला तेही आता कळेल. लिनन जवसाच्या खोडातून निघतं. त्याचा एकेक धागा म्हणजे पेक्टिन नावाच्या वनस्पतीतल्या चिकट द्रव्याने जोडलेली तंतूंची जुडी असते, आणि हे तंतू लोकरीपेक्षा कितीतरी पट ताठ असतात. जुडी जाड आणि वरून ताठ, म्हणजे ऑयलरच्या सूत्रात दोन्हीकडून वाढ. बऱ्याच धुण्यांनंतर जुड्या सुटतात, टोकं मोडतात आणि तेच लिनन मऊ पडतं. कापसाचा तंतू मात्र मुळातच १२ ते २० मायक्रॉनचा, चपट्या पिळलेल्या फितीसारखा, म्हणून तो टोचत नाही. पण याच मोजपट्टीवर बारीक पॉलिएस्टरही टोचत नाही.

मग पॉलिएस्टरचा त्रास का होतो? एक कारण घाम. नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या हवेत, म्हणजे २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत, कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी धरतो, लोकर १६ च्या आसपास, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घट्ट विणीच्या पॉलिएस्टरखाली घाम अंगावरच राहतो, ओली कातडी मऊ होते आणि घर्षणाने लवकर सोलवटते. दुसरं कारण रंग. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. पॉलिएस्टरचे डिस्पर्स रंग तंतूत नुसते विरघळून बसलेले असतात, घाम आणि घर्षणाने थोडे बाहेर येतात. त्यातल्या काही गडद निळ्या रंगांची खरीखुरी ॲलर्जी होते. ती ओळखायची एक खूण आहे: पुरळ काखेच्या कडेला, जिथे कापड घासतं तिथे उठतं, मधला खोलगा बऱ्याचदा स्वच्छ राहतो. पण सुतीही निर्दोष नाही. ‘इस्त्री नको’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सुती शर्टाला फॉर्मल्डिहाइड या त्वचेला त्रास देऊ शकणाऱ्या रसायनाच्या रेझिनचा हात दिलेला असू शकतो.

रेशमाचंही सांगायला हवं, कारण इसबासाठी खास रेशमी कपडे महाग विकले जातात. इंग्लंडमध्ये ३०० मुलांवर सहा महिने चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. नेहमीच्या उपचारांत रेशमी कपड्यांची भर घालून इसबात काही जास्तीचा फरक पडला नाही. आणि ‘बांबूचे’ म्हणून मिळणारे बहुतेक मऊ कपडे म्हणजे बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून काढलेला व्हिस्कोस असतो. तो मऊ असतो हे खरं, पण बांबूचे औषधी गुण त्यात शिल्लक राहत नाहीत.

आमच्या घरात बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नसत. नजर लागते म्हणायचे. नजरेत काही अर्थ नाही, पण जुन्या लुगड्याच्या दुपट्यात नक्कीच होता. कोऱ्या कापडाच्या ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, ते मागावर टिकावेत म्हणून खळ चढवलेली असते, इचलकरंजीत ज्याला सायझिंग म्हणतात. पुढच्या प्रक्रियेत ती काढली नाही तर कापड कडक राहतं, शिवाय सुटा रंग आणि इतर रसायनंही त्यात असतात. शंभर धुण्यांत ते सगळं निघून गेलेलं असतं आणि टोकं झिजलेली असतात. बाळाच्या पातळ कातडीला याहून चांगलं कापड दुकानात मिळत नव्हतं.

आता आम्ही दुकानात कापड बोटांनी चोळून बघत नाही. बोटांची कातडी जाड असते, तिथे टोचणं कळत नाही. भाची ते कोपराच्या वरच्या, आतल्या बाजूला किंवा मानेला लावून अर्धा मिनिट धरते. डॉक्टरांनी दिलेली मलमं चालूच आहेत, कपडे बदलून ती सुटणार नाहीत हे बहिणीला पटलं आहे. शाळेचा गणवेश टेरीकॉटचा आहे आणि तो बदलता येत नाही. म्हणून आईच्या जुन्या सुती पातळाची बिनबाह्यांची स्लिप शिवली आहे, शिवण बाहेरच्या बाजूला घेऊन. लिननचा फ्रॉक दर आठवड्याला धुण्यात टाकतोय. बाराव्या धुण्यानंतर तिने तो मानेला लावून पाहिला आणि म्हणाली, ‘अजून थोडं.’