आधी स्टिक सोडायला शिका

ऊस तुटला की मिरज, वाळवा, कराड पट्ट्यात थोडे दिवस मोकळी रानं मिळतात. रिमोटचं विमान शिकायला तीच बरी, कारण पाचट पडलेलं रान गादीसारखं असतं. सातारच्या पठारांवर जागा ऐसपैस दिसते, पण कड्यावरून चढणारा वारा भोवरे घेतो आणि खाली जांभा असतो. द्राक्षबागेजवळ तर जाऊच नये, मांडवाच्या तारा फोम सुरीसारखा कापतात. कराडला विमानतळ आहे, तेव्हा त्या बाजूला उडवायचं असेल तर सरकारच्या ड्रोन नकाशावर रान हिरव्या, म्हणजे वेगळी परवानगी न लागणाऱ्या, झोनमध्ये येतंय ना, ते आधी पाहावं.

पहिलं विमान ईपीपी फोमचं घ्या. गाडीच्या बंपरच्या आत असतो तोच हा लवचीक फोम. आपटला की दबतो आणि पुन्हा फुगतो. थर्माकोल तुटतो, वर साधं फेविक्विक लावलं तर विरघळतो. पण न मोडणं हा ट्रेनरचा, म्हणजे शिकाऊ विमानाचा, अर्धाच गुण. पंख अंगाच्या वर हवेत आणि टोकांकडे किंचित उचललेले हवेत. असं विमान कलंडलं की खालच्या पंखाच्या बाजूला घसरतं. घसरताना त्या पंखाला हवा जास्त कोनात भिडते, त्याची उचल वाढते आणि विमान आपसूक सरळ होतं. नवशिका नेमका तेव्हाच स्टिक, म्हणजे रिमोटवरची दांडी, दाबून धरतो आणि विमानाचं काम बिघडवतो.

समजा पंख १.२ मीटर लांब, २० सेंमी रुंद आणि बॅटरीसह वजन ७०० ग्रॅम आहे. असं विमान ताशी साधारण २५ किमीच्या खाली गेलं की पंखांची उचल संपते, म्हणजे स्टॉल होतो. ताशी १५ किमीचा वारासुद्धा त्याला जड जातो. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेआठ हीच वेळ. ऊन तापलं की हवा उसळ्या मारते.

उडवण्याआधी तोल बघा. पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ ते ६ सेंमीवर दोन्ही बाजूंना खालून एकेक बोट टेकवा. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. शेपूट झुकत असेल तर बॅटरी पुढे सरकवा. ते एवढ्यावर भागत नसेल तर नाकात शिसं घाला, पण शेपूट जड असलेलं विमान सोडू नका. सुटल्या सुटल्या ते नाक वर काढतं आणि पहिल्या दहा सेकंदांत जमिनीवर येतं.

हाताने सोडताना वाऱ्याच्या तोंडावर, थ्रॉटल (मोटरचा जोर) पाऊण, आणि सरळ भाल्यासारखं ढकला. वर फेकलं की स्टॉल ठरलेला. तो झाला तर स्टिक ओढू नका, पुढे ढकला. वेग आला की मग हळूच वर घ्या. यासाठी उंची लागते, म्हणून सुरुवातीचे वळसे ४०-५० मीटरवरच.

विमान आपल्याकडे येऊ लागलं की डावं-उजवं उलटतं. तेव्हा विचार करत बसायला वेळ नसतो. जो पंख खाली दिसतोय त्याच बाजूला स्टिक न्यावी, पंख वर येतो. सिम्युलेटरवर दहाएक तास घालवले तर हे हाताला कळतं.

३ सेलची १३०० एमएएच बॅटरी असेल तर टायमर सहा मिनिटांचा लावा. घरी ठेवताना दर सेल ३.८ व्होल्टवर आणा, भरून ठेवलेली लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) फुगते.

शेजारचा उभा ऊस मात्र विमान गिळतो. दहा फूट उंचीच्या पिकात चार सऱ्यांपलीकडचं काही दिसत नाही. विमान आत गेलं की आधी थ्रॉटल शून्य करा, नाहीतर अडकलेला पंखा फिरायला बघतो आणि मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर जळतो. धावू नका. आहात तिथूनच त्या रेषेतलं लांबचं झाड किंवा विजेचा खांब हेरून ठेवा. मग मालकाला विचारून त्या रोखाने सरीतून चाला आणि एलिव्हेटरची, म्हणजे शेपटीवरच्या आडव्या झडपेची, स्टिक हलवत राहा. ती झडप हलवणारा सर्व्हो (छोटी मोटर) किर्रकिर्र करतो, आणि पानं सळसळत नसतील तर तो पंधरा-वीस पावलांवरून ऐकू येतो.