पावती कुणाच्या नावावर? घरच्या हॉटेलाच्या वारशाची मुंबईतली पार्श्वभूमी

शिकागोतलं एक जुनं सँडविचचं दुकान. थोरला भाऊ आत्महत्या करतो आणि दुकान धाकट्यासाठी ठेवून जातो. धाकटा न्यूयॉर्कच्या नामांकित रेस्तराँमध्ये शेफ म्हणून तयार झालेला. घरच्या दुकानात मात्र थोरल्याने त्याला कधी कामाला उभं राहू दिलेलं नसतं. तो परत येतो तेव्हा त्याच्या वाट्याला येतं मोडकळीला आलेलं स्वयंपाकघर, काका म्हणवणाऱ्या एका माणसाचं तीन लाख डॉलरचं कर्ज, आणि ‘आम्ही इथे होतो, तू कुठे होतास?’ अशा नजरेने बघणारी माणसं. ही गोष्ट ‘द बेअर’ या अमेरिकन मालिकेची; ती जून २०२२ मध्ये आली. सप्टेंबर २०२४ च्या एमी (अमेरिकन टीव्हीची पारितोषिकं) सोहळ्याच्या वर्षी तिला विनोदी मालिकांच्या गटात ११ पारितोषिकं मिळाली, तो तेव्हाचा त्या गटातला विक्रम ठरला. इतकी जीवघेणी गोष्ट विनोदी कशी, यावर तिकडे बराच वाद झाला. ज्याने गर्दीच्या वेळी हॉटेलच्या भटारखान्यात तासभर काढला आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. तिथे एकाच्या हाताला चटका बसलेला असतो आणि त्याच क्षणी पलीकडे कुणीतरी खळखळून हसत असतं.

हीच गोष्ट गिरगावात किंवा दादरला घडली असती तर? मुंबईचा माणूस पाककृती कुणाला येते हे नंतर विचारेल. त्याचा पहिला प्रश्न एकच असेल: भाड्याची पावती कुणाच्या नावावर आहे?

या प्रश्नामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो समजला तर ‘बाहेरचा माणूस आणि घरचं हॉटेल’ ही कथा आपल्याकडे वेगळ्या वाटेने का जाते ते कळतं.

मुळात मुंबईत घरचं हॉटेल काढणारेच बाहेरचे होते. इराणच्या यझ्द आणि केरमान भागातून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इथे चहाची दुकानं थाटली. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, ग्रँट रोडचं मेरवान १९१४ चं, बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया १९२३ चं. कोपऱ्यावरचा गाळा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत आणि तो इराण्यांना मिळाला, असं शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. दोन्ही रस्त्यांवरून गिऱ्हाईक येणारा कोपरा हॉटेलासाठी उत्तम, एवढं तर कुणालाही दिसतं. दादरला मामा काणे यांचं उपहारगृह १९१० मध्ये सुरू झालं. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलं. तिथे आजही केळीच्या पानावर जेवण वाढतात.

अशा बहुतेक हॉटेलांत एक गोष्ट सारखी आहे. जागा भाड्याची होती. फर्निचर, भांडी, नाव, गिऱ्हाईक हे मालकाचं, भिंती दुसऱ्याच्या. दुसरं महायुद्ध संपलं, फाळणी झाली, शहरात माणसं मावेनात, तेव्हा मुंबई सरकारने १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आणला. भाडी जवळपास १९४० च्या पातळीला गोठली. भाडेकरूला सहज काढता येईना. मग घरमालकाने सुरुवातीलाच एकरकमी घसघशीत रक्कम घ्यायची आणि पुढे नाममात्र भाडं लावायचं, ही पागडीची चाल रूढ झाली. कायद्याच्या लेखी ती रक्कम गुन्हा होती, व्यवहारात ती सर्रास चालत होती. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, पागडी घेण्यादेण्याला मान्यता दिली.

म्हणून मुंबईत हॉटेलाचा वारसा म्हणजे बहुतेक वेळा मालमत्तेचा वारसा नसतोच. तो भाडेकरूपणाचा असतो. आणि त्याचा नियम इतर वारशापेक्षा निराळा आहे. धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्या जागेत त्याच्यासोबत धंदा करणारा कुटुंबातला माणूस पुढचा भाडेकरू ठरतो. तसं कुणी नसेल तरच इतर वारसांचा विचार होतो. तोही आपसात ठरवून, नाहीतर कोर्टाकडून. मृत्युपत्र करून हे भाडेकरूपण हव्या त्याला देऊन टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्याखालच्या एका प्रकरणात १९८६ साली स्पष्ट केलं.

मला हा नियम फार महत्त्वाचा वाटतो. वकिली भाषेत तो कोरडा दिसतो, पण त्यात एक न्याय आहे: बापाच्या शेजारी गल्ल्यावर जो उभा होता त्याचा हक्क आधी. अमेरिकेत शिकणारा मुलगा मागे, रोज सकाळी सहाला शटर उघडणारी मुलगी पुढे. आता शिकागोचं ते दुकान या नियमात बसवून पाहा. धाकटा भाऊ दुकानात काम करत नव्हता. बहीणही नाही. रोज तिथे असणारा रिची हा नात्याने कुणीच नाही, फक्त थोरल्याचा जिवलग. मुंबईत या तिघांची गाठ भाड्याचे खटले चालवणाऱ्या लघुवाद न्यायालयाच्या पायरीवर पडली असती आणि मालिका तिथेच अडकली असती.

अशा वेळी आणखी एक घड्याळ चालू असतं. अन्न परवानाधारक वारला की तो परवाना वारसाच्या उपयोगासाठी तीन महिने चालतो. त्याहून जास्त मुदत हवी तर अधिकाऱ्याने द्यावी लागते. सुतक फिटतं न फिटतं तोच गुमास्ता, अन्न परवाना, गॅसचं कनेक्शन, वीजबिल सगळ्यांवरची नावं बदलायला धावपळ. घरात रडारड चालू असताना दूधवाला मात्र पहाटे येऊन क्रेट ठेवून जातोच.

आता त्या बाहेरच्या माणसाकडे येऊ. मुंबईने त्याला दोन रूपांत पाहिलं आहे.

पहिलं रूप भाच्याचं. शहरातली कितीतरी उडुपी हॉटेलं आणि परमिट रूम तुळुनाडूतून, म्हणजे कर्नाटकाच्या किनारपट्टीच्या बाजूने, आलेल्या बंट कुटुंबांनी चालवली. शेट्टी, रै, हेगडे, आळ्वा ही नावं आपल्या परिचयाची. या समाजात जुनी चाल अळियसंतान, म्हणजे घराणं आणि मालमत्ता आईच्या बाजूने चालते. मामाचा वारस त्याचा मुलगा नव्हे, बहिणीचा मुलगा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ही पद्धत कायद्यात मागे पडली. पण शाळेत असलेल्या भाच्याला मामाने मुंबईला आणायचं, आधी फडकं मारायला, मग टेबलावर, मग गल्ल्यावर बसवायचं, रात्रशाळेत घालून शिकवायचं, ही रीत राहिली. हॉटेलातला पोऱ्या आणि हॉटेलाचा होणारा मालक हे एकच असू शकतात, ही कल्पना या रीतीने मुंबईत रुजवली. मराठी घरांत मुलाला गल्ल्यावर बसवण्याआधी बँकेची परीक्षा द्यायला लावत. ‘आम्ही उभं आयुष्य तेलात घातलं, तू नको’ असं बापच म्हणत असे. त्यात प्रेम होतं, आणि त्याच प्रेमाने कितीतरी उपहारगृहं वारसाविना राहिली.

दुसरं रूप सुनेचं. तिला आपण बाहेरची म्हणत नाही, पण दुसऱ्या घरची चव घेऊन ती येते आणि पुष्कळदा हॉटेलची ओळख तिच्या हातून बदलते. ब्रिटानियाचा बेरी पुलाव हा त्याचा सगळ्यांत ठळक दाखला. हा पदार्थ बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बाचान यांनी इराणमधून आणला. बोमन कोहिनूर २०१९ मध्ये ९७ व्या वर्षी वारले तेव्हा शहराने जी आठवण काढली ती त्याच पुलावाची. १९२३ ला सुरू झालेल्या घराण्याची खूण लग्नाने आत आलेल्या बाईने घडवली.

आणि ज्यांना वारशात कागदावर काहीच आलं नाही, त्या खानावळवाल्या. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले हजारो पुरुष बायकामुलं गावी ठेवून एका गाळ्यात दहा-दहा, वीस-वीस राहत. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाच जागेवर दोघे आळीपाळीने झोपत. त्यांना जेवू घालायची चाळीतलीच एखादी बाई. जेवणाऱ्यांना ‘मेंबर’ म्हणत. पगार झाला की मेंबर महिन्याचे पैसे देणार, तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज बाईच्या डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला. धंद्याला भांडवल द्या, तारण म्हणून बाईचं काम बघा, असा तो आग्रह होता. त्या काळात बँकेच्या दारात हे बोलायला धाडस लागत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. मेंबर गावाला गेले, काही परतलेच नाहीत. जे थांबले त्यांना बायकांनी उधारीवर जेवण घातलं, आणि ती उधारी कित्येकींची बुडाली. खोलीची पावती नवऱ्याच्या नावावर, पुढे मुलाच्या. खानावळ अशी कुठे नोंदलेलीच नव्हती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, देशाच्या अकरा वर्षं आधी. पण वाटणीला यायला आधी मालमत्ता म्हणून काही लिहिलेलं असावं लागतं. लालबाग-परळच्या घरांमध्ये आजीकडून नातीपर्यंत जे पोचलं ते वाटण, कालवणात कोकम कधी टाकायचं त्याचा अंदाज, आणि पाच माणसांच्या स्वयंपाकात सातजण जेवतील अशी सवय. हॉटेलांच्या इतिहासात या बायकांचं पान सगळ्यांत जाड असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रक्ताचा वारस नको म्हणाला, की मुंबईत एक तिसरा मार्ग निघतो. त्याला सगळे ‘कंडक्टिंग’ म्हणतात. ‘हॉटेल कंडक्टिंगला दिलंय’ म्हणजे नाव, परवाना, पावती जुन्या घराची. चालवणारा दुसरा, दरमहा ठरलेली रक्कम देणारा. ही शब्दयोजना उगाच आलेली नाही. १९७३ मध्ये भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे लायसन्सी म्हणून, म्हणजे भाडेकरू न होता नुसत्या परवानगीने, जागेत बसले होते त्यांना संरक्षण मिळालं, ते भाडेकरू ठरले. लायसन्सी कोण, याच्या व्याख्येतून मात्र मालकाचा चालू धंदा नुसता चालवणाऱ्याला वगळलं होतं. त्यामुळे जागा गमावण्याची भीती असलेल्या प्रत्येक कुटुंबाला ‘चालू धंदा चालवायला दिला’ हे शब्द करारात हवेसे झाले. दर्शनी भिंतीवर चंदनाच्या हारातला मूळ पुरुषाचा फोटो, गल्ल्यावर ज्याचा त्या फोटोशी काही संबंध नाही असा माणूस, आणि तरीही गिऱ्हाइकाला त्याच चवीची थालीपीठं. मुंबईत बाहेरच्या माणसाच्या हाती हॉटेल जातं ते बहुधा असं. मृत्युपत्राने मिळत नाही, अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर मिळतं, आणि पुष्कळदा वीस वर्षं टिकतं.

पण आता या सगळ्या व्यवस्थेखालची जमीनच हलते आहे. गिरगाव, लालबाग, दादर इथल्या १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती विकास नियमावलीतल्या कलम ३३(७) खाली पुनर्विकासाला जातात. राहणाऱ्याला किमान ३०० चौरस फूट मिळतात, धंदेवाल्याला त्याच्या आधीच्या जागेइतकं क्षेत्र. कागदावर हॉटेल सुरक्षित असतं. प्रत्यक्षात इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंत काही वर्षं जातात. त्या काळात बिल्डर भाडं देतो, पण इडलीची पहाट देत नाही. रस्त्यावरचं दार नव्या आराखड्यात पोडियमच्या, म्हणजे इमारतीच्या पायथ्याच्या चौथऱ्याच्या, आत गेलं, धुराड्याला वरच्या मजल्यांनी हरकत घेतली, की चौरस फूट तेवढेच राहूनही हॉटेल राहत नाही.

त्या मधल्या वर्षांत मालकाचा मुलगा नोकरीत रमतो. आचारी गावी जातो, किंवा बोरिवलीत दुसऱ्याच्या भटारखान्यात लागतो. बिल्डरशी जो करार होतो त्यात पावतीधारकाचं नाव असतं, क्षेत्रफळ असतं, पर्यायी जागेचं भाडं असतं, ताब्याची तारीख असते. तीस वर्षं साबुदाणा भिजवण्याचं पाणी हाताने मोजणाऱ्या माणसाने ती तारीख येईपर्यंत कुठे जायचं, त्याचं कलम मी तरी अजून कुठल्या करारात वाचलेलं नाही.